पाण्याखालील दीर्घ निवास आणि वैद्याचे कर्तव्य

चरकाचार्यांनी विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना वायू, उदक, देश आणि काल या चार भावांचा विचार केला आहे. हे चारही भाव एकाच वेळी पालटलेल्या ठिकाणी मनुष्य महिनाभर राहिला तर त्याच्या शरीरावर कोणते परिणाम होतील, हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. समुद्राच्या पाण्याखाली राहून संशोधन व काम करणाऱ्यांच्या अनुभवातून त्याची बरीच उत्तरे मिळाली आहेत. त्यांतील वैद्याला उपयुक्त असा भाग प्रस्तुत लेखात मांडत आहोत.

पार्श्वभूमी

१९६२ साली मार्सेयजवळ १० मीटर खोलीवर ठेवलेल्या निवासात दोन फ्रेंच पाणबुडे आठवडाभर राहिले. झाक कुस्तो यांच्या या प्रयोगानंतर अमेरिकेच्या नौदलाने ‘सीलॅब’ ही मालिका हाती घेतली. १९६९ साली ‘टेकटाइट’ प्रकल्पात चार शास्त्रज्ञ सुमारे दोन महिने समुद्रतळाशी राहून सागरी जीवांचा अभ्यास करीत होते. १९७० साली याच प्रकल्पात सिल्व्हिया अर्ल यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांचे पथक राहिले. २०२३ मध्ये जोसेफ दितुरी यांनी फ्लोरिडात १०० दिवस पाण्याखाली काढून स्वतःच्याच शरीरावरील परिणामांच्या नोंदी ठेवल्या.

महाराष्ट्रात याचे सर्वांत जवळचे रूप ‘मुंबई हाय’ येथे दिसते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील या क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले. तेथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. तळाशी असलेल्या तेलवाहिन्यांच्या कामासाठी ‘सॅच्युरेशन डायव्हिंग’ ही पद्धत वापरतात. पाणबुडे राहतात जहाजावरील लोखंडी कक्षात, परंतु त्या कक्षातील दाब समुद्रतळाएवढाच ठेवलेला असतो. तेथून बंद घंटेत बसून ते कामावर उतरतात आणि परततात. असा मुक्काम सामान्यतः २८ दिवसांपर्यंत असतो.

शरीरात काय घडते?

कसारा ते इगतपुरी घाट चढताना आपले कान दडतात. हा चढ सुमारे ३०० मीटरचा आहे. एवढ्या उंचीच्या हवेच्या थराचे वजन जेमतेम ३५ सेंटिमीटर पाण्याएवढे भरते. याउलट पाण्यात प्रत्येक १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे ७५ मीटरवर तो भूपृष्ठाच्या सुमारे साडेआठ पट होतो.

या दाबाखाली श्वासातील वायू रक्तात आणि तेथून सर्व धातूंत विरघळतात. साधारण एका दिवसात धातू त्या वायूने पूर्ण भरतात. त्यानंतर मुक्काम एक दिवसाचा असो वा महिन्याचा, वर येण्यास लागणारा वेळ तोच राहतो. हेच या पद्धतीचे मर्म होय. ७५ मीटरवरून परतण्यासाठी तीन ते चार दिवस दाब हळूहळू उतरवावा लागतो. घाई झाल्यास, सोड्याची बाटली उघडताच फेस यावा तसे विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने धातूंत व रक्तात सुटतात.

खोलीवर नायट्रोजन मद्यासारखी धुंदी आणतो, म्हणून त्याऐवजी हीलियम वापरतात. परंतु हीलियम शरीरातील उष्णता झपाट्याने ओढून घेतो. त्यामुळे कक्ष सुमारे ३० अंशांवर ठेवावा लागतो, तर पाण्यात काम करताना पोशाखात गरम पाणी खेळवावे लागते. आवाज चिरका होतो आणि अन्नाची चव मंदावते. दिवस व रात्र यांचा भेद केवळ घड्याळावर उरतो.

निदानातील धोका

समुद्रावर काम करणारा तरुण सुटीत गावी येतो. तारकर्ली, मालवण येथे हौसेने स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची संख्याही मोठी आहे. बुडबुड्यांमुळे होणारी लक्षणे बहुधा पहिल्या २४ तासांत दिसू लागतात. खांदा, कोपर वा गुडघ्यात खोल वेदना, त्वचेवर खाज व चट्टे, बधिरता, पायांतील शक्ती जाणे, चक्कर, मूत्रसंग ही लक्षणे पाहता वैद्याच्या मनात प्रथम वातव्याधी येणे स्वाभाविक आहे. परंतु येथे अभ्यंग-स्वेदनाने वेळ दवडल्यास कायमचे पंगुत्व येऊ शकते. वेदना तात्पुरती शमली म्हणून रोग गेला, असेही मानू नये.

अशा रुग्णाला आडवे झोपवावे, शुद्ध प्राणवायू सुरू करावा, तो शुद्धीवर असल्यास पाणी पाजावे आणि उच्चदाब कक्ष असलेल्या रुग्णालयाशी आधी दूरध्वनीवरून बोलून त्वरित पाठवावे. कक्षात पुन्हा दाब देऊन तो सावकाश उतरविणे हीच याची मुख्य चिकित्सा आहे. ग्रंथांत यासाठी पर्याय शोधण्याचा अट्टाहास धरू नये.

उंबरमाळी, खर्डी, मुरबाड येथील वैद्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असा रुग्ण घाट चढवून नाशिकला किंवा माळशेजमार्गे वर पाठवू नये. उंचीवर बाहेरील दाब कमी होतो आणि बुडबुडे वाढतात. त्याला मुंबईच्या दिशेने खालीच न्यावे. याच कारणास्तव अनेकदा बुडी मारलेल्या निरोगी माणसानेही किमान १८ तास विमानप्रवास टाळावा आणि मालवणहून त्याच संध्याकाळी आंबोलीचा घाट चढू नये.

या क्षेत्रातील वैद्यकीय ज्ञानाचे एक केंद्र मुंबईतच आहे. कुलाबा येथील नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयाच्या आवारात नौदल वैद्यक संस्था असून तेथे पाणबुड्यांच्या विकारांचे अध्ययन होते. देववैद्यांचे नाव धारण करणाऱ्या या स्थानाविषयी आपल्याला आपुलकी वाटावी.

दीर्घकालीन परिणामांत अस्थिधातूचा विकार महत्त्वाचा आहे. मांडीच्या वा दंडाच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो भाग मृत होतो. कित्येक महिने किंवा वर्षे तो वेदनेवाचून राहू शकतो. म्हणून तरुण पाणबुड्याच्या सांधेदुखीस संधिवात म्हणण्यापूर्वी क्ष-किरण तपासणी अवश्य करावी, आणि शंका राहिल्यास एमआरआयचा सल्ला द्यावा.

सारांश

प्रश्नपरीक्षेत देश, आहार, विहार आपण विचारतोच. त्यांत ‘गेल्या काही दिवसांत पाण्याखाली उतरला होतात काय? किती खोल, किती वेळ आणि वर केव्हा आलात?’ एवढ्या प्रश्नांची भर घालावी. रुग्णपत्रिकेवरील ही एक ओळ एखाद्या तरुणाचे पाय वाचवू शकेल.