बुळकांड्या गेला, झाडं परतली

टांझानियातल्या सेरेंगेटीत 1961 साली वाइल्डबीस्ट या गवत चरणाऱ्या वन्य प्राण्याची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती. 1977 पर्यंत ती 13 लाखांवर गेली. या प्राण्याला वाचवण्यासाठी म्हणून कोणी लस बनवली नव्हती. लस टोचली गेली ती राष्ट्रीय उद्यानाबाहेरच्या गाईंना.

रोग होता बुळकांड्या. गुराला ताप चढायचा, तोंडात व्रण पडायचे, हगवण लागायची आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा व्हायचा. 1889 साली पुण्यात सरकारने जीवाणुशास्त्राची प्रयोगशाळा काढली ती गुरांच्या अशाच साथींचा अभ्यास करायला. 1893 मध्ये ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला हलली. पुण्यात प्रयोगशाळा निघाली साधारण त्याच सुमारास या रोगाचा विषाणू आजच्या इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरला. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला आणि ती गुरं बहुधा भारतातून गेली होती, असं मानलं जातं. दहाएक वर्षांत तो आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत; पाठोपाठच्या दुष्काळात तिथली एक तृतीयांश माणसं दगावल्याचा अंदाज आहे. मसाई पशुपालकांची बहुतेक गुरं मेली. रानात रानम्हशी आणि वाइल्डबीस्टही पटापट पडले.

चरणारं कोणी उरलं नाही तेव्हा झुडपं माजली. झुडपांत त्सेत्से माशी वाढली आणि तिच्यामुळे पसरणाऱ्या निद्रारोगाने माणसं आणि गुरं दूरच राहिली. युरोपीय अधिकाऱ्यांनी अशी उजाड झालेली भूमी पाहिली आणि तिलाच माणसाचा स्पर्श न झालेलं आदिम अरण्य मानलं. 1951 साली सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1959 मध्ये मसाईंना तिथून बाहेर काढलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या जिथे गुरं राखली तिथेच ते उपरे ठरले. निसर्गरक्षणाच्या नावाने झालेला हा अन्यायच आहे.

पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी स्वस्त आणि दीर्घकाळ संरक्षण देणारी लस तयार केली. तोवर अनेकांचा समज असा, की रोगाचं मूळ रानात आहे आणि गाईंना तो वन्य प्राण्यांकडून होतो. घडलं उलटं. उद्यानाभोवतीच्या गाई सुरक्षित झाल्या आणि 1963 नंतर जन्मलेल्या वाइल्डबीस्टच्या रक्तात या रोगाची खूणही सापडेना. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ओसरताच मरणारी वासरं आता जगू लागली. 1970 च्या दशकात कोरड्या ऋतूतला पाऊसही वाढला, त्यामुळे चाऱ्याची चणचण कमी झाली.

खरी कथा यापुढची. लाखो तोंडं गवत खाऊ लागल्यावर उन्हाळ्यात पेटायला वाळलेलं गवतच कमी उरलं. वणवे घटले. दरवर्षी आगीत जळून जाणारी बाभळीच्या कुळातली रोपं माणसापेक्षा उंच झाली, त्यांची झाडं झाली. रिकार्डो होल्डो, अँथनी सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हा सगळा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की हवेत कार्बन सोडणारा हा प्रदेश आता तो साठवू लागला आहे. गाईच्या मानेत टोचलेली सुई आणि हवेतला कार्बन यांचा संबंध असेल, हे लस देणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

वाइल्डबीस्टचं स्थलांतरही असंच जमिनीला बांधलेलं आहे. दक्षिणेकडच्या मैदानांवर ज्वालामुखींची राख पडलेली आहे. तिथल्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून पावसाळ्यात दूध पाजणाऱ्या माद्या तिथे जमतात. फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक वासरं जन्मतात. एकाच वेळी इतकी, की सिंह आणि तरस खाऊन खाऊन किती खातील! पाणी आटलं की कळप उत्तरेला मारा नदीकडे निघतात. झेब्रे उंच, राठ गवत खातात, मागून वाइल्डबीस्ट पानं आणि मग थॉमसनचे गॅझेल खालचे कोवळे कोंब. नदी ओलांडताना वर्षाला सरासरी 6,250 वाइल्डबीस्ट बुडतात, असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. सुमारे 1,100 टन हाडंमांस. गिधाडं आणि माराबू करकोचे त्यावर तुटून पडतात, मासे पोसले जातात आणि तळाशी राहिलेली हाडं पुढची सात वर्षं पाण्यात फॉस्फरस सोडत राहतात. मैदानाच्या राखेतला फॉस्फरस असा गवतातून, वाइल्डबीस्टच्या हाडांतून नदीत उतरतो.

2011 मध्ये बुळकांड्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. भारतात शेवटचा रुग्ण 1995 साली आढळला होता. पण त्याचा भाऊबंद, शेळ्यामेंढ्यांना होणारा पीपीआर, अजून आहे, महाराष्ट्रातही आहे. 2016-17 च्या हिवाळ्यात मंगोलियात तो पाळीव कळपांतून सायगा हरणांत शिरला आणि हजारो हरणं मेली. 2030 पर्यंत तोही घालवायचा असं आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. त्यासाठी मेंढपाळांच्या फिरत्या कळपांपर्यंत थंड पेटीतून लस वेळेवर पोहोचवावी लागते. वाटेत लागेल त्या गावी हे काम करणाऱ्या पशुवैद्यकाला वन्यजीव संरक्षणाच्या निधीतूनही मदत मिळायला हवी, असं माझं मत आहे.