धावडा : शेतकऱ्याच्या दांड्याचें झाड

कुऱ्हाडीचा दांडा मोडला म्हणजे पूर्वीं आपल्याकडील शेतकरी बाजाराची वाट धरीत नसे, रानाची धरी. कोणत्या नाल्याच्या वरच्या अंगास सरळ वाढलेला धावडा उभा आहे, हें त्यास आधींच ठाऊक असे. आज ही माहिती घरोघरीं राहिलेली नाहीं. मागल्या हिवाळ्यांत साकोलीच्या बाजूस एका आठवडी बाजारांत आम्हीं दोन दांडे विकत घेतले. लांकूड कोणतें, असें विचारतां विकणारानें "जंगली आहे" एवढेंच उत्तर दिलें. दांडे दिसण्यांत गुळगुळीत होते. त्यांतला एक बाभळीच्या खोडावर तिसऱ्याच दिवशीं मोडला. दुसरा फाल्गुनापर्यंत सुकून कुऱ्हाडीच्या नेढ्यांत खुळखुळूं लागला. घरीं माळ्यावर आजोबांच्या वेळचा एक जुना दांडा पडून होता, तो झाडून पुसून कुऱ्हाडीस बसविला. तो अद्याप चालूं आहे. तो दांडा धावड्याचा आहे, आणि त्याच्याच निमित्तानें हे चार शब्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

विलायतेंतील शेतकऱ्याच्या घरीं जें स्थान 'ॲश' नांवाच्या झाडास आहे, तेंच आपल्या रानांत धावड्यास आहे. ॲशचें लांकूड चिवट व झटका सोसणारें. कुऱ्हाडीचे व फावड्याचे दांडे, गाड्यांचे भाग, होड्यांचीं वल्हीं, फार काय, क्रिकेटचे स्टंपही त्याचेच करितात. तें झाड तोडलें असतां बुंध्यापासून पुन्हां फुटतें, म्हणून तिकडील शेतकरी त्याच त्याच खोडापासून पिढ्यान् पिढ्या दांडे काढीत आले. ॲशच्या कांहीं जाती आपल्याही देशांत आहेत, पण त्या हिमालयाच्या थंड उतारांवर; वैनगंगेच्या खोऱ्यांतील उन्हाळा त्यांस मानवणारा नव्हे. सन १९९२ मध्यें पोलंड देशांत ॲशचीं झाडें शेंड्याकडून वाळत असल्याचें आढळून आलें. तो एका बुरशीचा रोग होता. पुढें तो युरोपभर पसरला व २०१२ सालीं इंग्लंडांतही दिसून आला. धावड्यास असा साथीचा रोग लागल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्याचा जो ऱ्हास चालला आहे तो वणवा, चराई आणि अडाणी तोड यांनीं चालला आहे.

प्रथम झाडाची ओळख. धावडा हा हिरडा, बेहडा, ऐन व अर्जुन यांच्याच कुळांतला. संस्कृतांत त्यास 'धव' म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत 'ॲनोजीसस लॅटिफोलिया' हें त्याचें नांव दीर्घकाळ रूढ होतें. अलीकडील शास्त्रज्ञांनीं त्यास ऐनाच्याच 'टर्मिनॅलिया' वर्गांत घातलें आहे. शेतकऱ्यास मात्र सालीवरून ओळख पुरे. ऐनाची साल काळपट व मगरीच्या पाठीप्रमाणें खोल भेगांची. धावड्याची साल पांढुरकी, राखी, हातास गुळगुळीत लागणारी. तिच्या पातळ खपल्या गळून पडतात व त्या जागीं उथळ खळगे दिसतात. चांदण्या रात्रीं रानांतून येतांना जीं खोडें पांढरीं दिसून नवख्या माणसास दचकवितात, त्यांत धावड्याचा भाग मोठा असतो. पावसाळ्यांत त्यास हिरवट पिवळीं बारीक फुलें गोल गोंड्यांनीं येतात. थंडी सरतां सरतां पानें तांबूस होऊं लागतात. माघांत टेकडीचा जो उतार तांब्यासारखा दिसतो, तेथें धावडा पुष्कळ आहे असें समजावें. नांवाच्या सारखेपणामुळें कित्येक जण धायटीस धावडा समजतात. धायटी हें तांबड्या फुलांचें झुडूप, वैद्य आसवांत घालतात तें. त्याचा व याचा कांहीं संबंध नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत तुमसर तालुक्यांतील अंबागडच्या टेकड्या, कोक्याचें रान, साकोली व लाखनीकडील डोंगराळ भाग येथें धावडा आढळतो. शेजारचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्यांतच होता. तेथील नागझिरा व नवेगांवच्या रानांतही तो आहे. हीं सर्व पानझडीचीं जंगलें. सागवान, ऐन, बीजा, तिवस, लेंडिया, तेंदू, मोह, चार, गराडी व बांबू हे त्याचे सोबती. त्यांत धावडा बहुधा उताराची, मुरमाड, पाणी न थांबणारी जागा धरून असतो. जेथें माती इतकी उथळ कीं सागवान वाढण्यास कुरकुर करितो, तेथेंही हा पाय रोवून राहतो. ऊन त्यास प्रिय आहे. दाट सावलीखालीं त्याचें रोप खुरटतें.

हें ध्यानांत न घेतां धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर धावडा लावण्याचा उपद्व्याप कोणी करूं नये. पाय पाण्यांत राहिलेला त्यास सोसत नाहीं. ती जागा अर्जुनाची, ऐनाची किंवा पळसाची. धावड्याची जागा म्हणजे शेताच्या वरच्या अंगाची बरड व टेकडीचा पायथा. आणि आपल्या जिल्ह्यांत या जागेला आणखी एक महत्त्व आहे. कोहळी लोकांनीं बांधलेल्या ज्या जुन्या तलावांवर आपलें धान पिकतें, त्यांत पाणी येतें तें अशाच उतारांवरून. उतार उघडा पडला कीं पहिल्या जोराच्या पावसाबरोबर माती तलावांत येते. ज्याच्या शेतास तलावाचें पाणी मिळतें, त्यास टेकडीवरील झाडाशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

आतां या झाडाची मोठी अडचण सांगतों. धावडा बियांनीं कंजूष नाहीं. एका किलोंत बीं लाखाच्या घरांत भरेल इतकें तें बारीक असतें व झाडावर येतेंही विपुल. परंतु त्यांतलें बहुतेक पोंचट निघतें. ज्या वर्षीं पाऊस फार कमी होतो त्या वर्षींचें बीं अधिक उगवतें, असें जुन्या वनाधिकाऱ्यांचें निरीक्षण आहे. शेतकऱ्यास हें चमत्कारिक वाटेल, कारण आपलें धान याच्या अगदीं उलट वागतें. जें थोडें उगवतें त्यास उघडी, स्वच्छ माती हवी. पाचोळ्याच्या थरांत अडकलेलें रोप उन्हाळ्यापूर्वींच मरतें. वांचलेलें वैशाखांत वणव्यांत सांपडतें किंवा शेळीच्या तोंडीं जातें. यामुळें असें घडतें कीं, रानांत मोठीं झाडें उभीं असतात, पण त्यांच्या पायथ्याशीं मुलेंबाळें दिसत नाहींत. वरवर पाहणारास रान भरलेलें वाटतें. कोणत्याही रानांत गेल्यावर आम्हीं आधीं खालीं पाहतों, मग वर.

वणव्याविषयीं स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. मोहाचीं फुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि तेंदूला चांगली पालवी यावी म्हणूनही कोठें कोठें आग लावितात. मोह वेंचणाऱ्याची अडचण आम्ही जाणतों. त्या फुलांवर पुष्कळ घरांचा उन्हाळा निघतो. पण झाडाखालची जागा खराट्यानें झाडून घेतल्यास काम होतें. पाचोळा पेटविलाच तर तो चोहोंकडून ओढून, लहान ढीग करून, माणूस उभा राहून पेटवावा. मोठा धावडा आग सोसतो, लहान रोप जळून मुळाकडून पुन्हां फुटतें. मात्र दरसाल जळत राहिलें तर तें पंधरा वर्षांनींही गुडघ्याएवढेंच राहतें.

बियांची उणीव या झाडानें फुटव्यांनीं भरून काढिली आहे. तोडल्यावर बुंधा जोमानें फुटतो, मुळांपासूनही धुमारे निघतात. येथेंच शेतकऱ्यास त्याचा खरा उपयोग करून घेतां येतो. तोड पानगळीच्या सुमारास, पालवी फुटण्यापूर्वीं करावी. कुऱ्हाड धारदार असावी. बुंधा जमिनीपासून वीतभरच ठेवावा, काप तिरपा व गुळगुळीत करावा म्हणजे पाणी त्यावर थांबून कूज लागत नाहीं, आणि साल खोडापासून सुटूं देऊं नये. पुष्कळ लोक कमरेइतकें उंच खोड ठेवून तोडतात, कारण वांकण्याचे श्रम वांचतात. अशा खोडास फुटवा येतो, पण तो वाऱ्यानें फाटून पडतो. पहिल्या पावसाळ्यांत जें झुबकेदार फुटेल तें तसेंच राहूं द्यावें. दुसऱ्या वर्षाअखेर त्यांतले जोमदार, सरळ असे दोन किंवा तीन राखून बाकीचे काढावेत. काढलेले धुमारे फुकट जात नाहींत. पुराणीच्या काठ्या होतात. तोडलेल्या जागीं निदान तीन वर्षें शेळी येऊं देतां कामा नये.

लांकडाविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण तेथें आमचीच चूक झालेली आहे. धावड्याचें लांकूड जड, पिंवळट राखी, मध्यें काळसर तांबूस गाभा असलेलें. झटका सोसण्यांत तें सागवानास मागें टाकितें. इंग्रजी व्यापारांत त्यास 'ॲक्सलवुड', म्हणजे आंसाचें लांकूड, असें नांवच पडलें आहे. बैलगाडीचा लांकडी आंस, कावडीची काठी, कुऱ्हाड व कुदळ यांचे दांडे हीं त्याचीं जुनीं कामें. लोखंडी आंस व रबरी टायर आल्यावर पहिलें काम संपलें. दांड्याचें काम राहिलें आहे. परंतु हें लांकूड वाळतांना फार तडकतें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं शेताच्या वरच्या अंगाचे पांच धावडे भर वैशाखांत तोडले आणि ओंडके सालीसकट उन्हांत टाकून लग्नसराईस निघून गेलों. परत येऊन पाहतों तों प्रत्येक ओंडका टोकापासून हातभर चिरलेला. त्यांतून एकही चांगला दांडा निघाला नाहीं. सगळा माल चुलींत गेला. शेजारच्या वृद्ध सुतारानें पाहून एवढेंच म्हटलें, "मालक, हे लांकूड नाहीं वाळवलें, भाजलें." पुढें त्याच्याच सांगण्याप्रमाणें आम्हीं मार्गशीर्षांत तोड केली, ओंडके ओले असतांनाच जाडसर दांड्यांच्या मापानें फाडले, टोकांस शेण-मातीचा लेप दिला आणि गोठ्याच्या छपराखालीं, वारा लागेल पण ऊन लागणार नाहीं अशा जागीं, आडवे रचून वर दगड ठेविले. वर्षभरानें तासले. दहांत दोन वांकडे निघाले, बाकी उत्तम.

धावड्याचा दुसरा मोठा उपयोग डिंकाचा. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांस आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका नांव घेऊन धावड्याचाच डिंक मागतात, हें कोणास सांगावयास नको. परदेशच्या व्यापारांत त्यास 'गम घट्टी' म्हणतात. पूर्वीं घाटांतून वाहून आणीत म्हणून तें नांव पडलें. कापडाच्या छपाईंत, औषधांत व पेयांत तेल आणि पाणी एकजीव राखण्यासाठीं तो वापरतात. डिंक उन्हाळ्यांत सालीच्या जखमेंतून पाझरतो व वाळून त्याचे खडे होतात. फिक्या, स्वच्छ खड्यांस भाव अधिक, काळपट व सालीचे तुकडे चिकटलेल्यांस कमी. म्हणून गोळा करितांनाच निवड करावी, पोत्यांत एकत्र करून मग निवडूं म्हणणाराचा तोटा होतो. अधिक डिंकाच्या लोभानें खोडावर कुऱ्हाडीचे खोल घाव घालण्याची जी रीत पडली आहे, ती झाड मारणारी आहे. घाव सालीपुरता, लहान असावा, लांकडांत जाऊं नये, आणि खोडाभोंवतीं कधींही पूर्ण फिरूं नये. एका उन्हाळ्यांत घाव घातलेल्या झाडास पुढलीं दोन-तीन वर्षें विश्रांति द्यावी.

याशिवाय पानें व साल कातडें कमावण्याच्या उपयोगीं आहेत, कोळसा उत्तम होतो आणि टसरचा किडाही याचा पाला खातो, जरी ढिवर बांधव टसरसाठीं ऐन व अर्जुन हींच झाडें पसंत करितात.

आतां हक्कांविषयीं. मालगुजारीच्या काळीं गांवच्या रानांतून अवजारांचें लांकूड निस्तार म्हणून मिळे. १९५१ सालीं मालगुजारी गेली व तीं जंगलें सरकारकडे आलीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ज्या गांवांस सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांच्या ग्रामसभांना आपल्या रानाचें रक्षण व व्यवस्था करण्याचा अधिकार आहे. वर सांगितलेली तोडीची व डिंकाची शिस्त त्यांना ठराव करून लावतां येईल. खाजगी जमिनीवरील झाडांसाठीं महाराष्ट्रांत १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचींत सागवान, मोह, ऐन, बीजा, तिवस हे आहेत, धावडा नाहीं. म्हणून जमीन साफ करितांना पहिली कुऱ्हाड त्याजवर पडते, ही आमची दरवर्षींची पाहणी आहे. तरीही तोडलेलें लांकूड शेताबाहेर न्यावयाचें असल्यास आधीं वनपरिक्षेत्र कार्यालयांत विचारपूस करावी. रस्त्यांत गाडी अडल्यावर कायदा वाचण्यांत अर्थ नसतो.

ज्यांच्या जमिनीवर धावडा मुळींच नाहीं त्यांनीं बीं पेरण्याच्या भरीस पडूं नये. रोपवाटिकेंत वर्ष-दोन वर्षें वाढलेलें रोप मिळाल्यास त्याचें मूळ व बोटभर खोड राखून केलेला खुंट पावसाळ्याच्या आरंभीं लावावा. ज्यांच्याकडे जुने बुंधे आहेत त्यांनीं येत्या मार्गशीर्षांत ते एकवार फिरून मोजावेत आणि दर वर्षीं चार-पांचच तोडून बाकीचे पुढल्या वर्षांसाठीं राखावेत. आमच्या बरडीवर असे बावीस बुंधे आहेत. वैशाखांत तोडलेल्या त्या पांचांपैकीं चार पुन्हां फुटले आहेत व त्यांतील दोन धुमारे आतां मनगटाएवढे झाले आहेत.