बांधता येते का? बांधावी का?

2010 च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कमधल्या एका जुन्या इमारतीवरून अमेरिकेत रान पेटलं. ‘ग्राउंड झीरोवर मशीद’ हे तीन शब्द तेव्हा जगभर पोहोचले आणि लोकांच्या डोक्यात पक्के बसले. अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की आजही कुणीतरी हा दाखला देतं, आणि बहुतेक वेळा तपशील चुकलेले असतात. तपशील चुकले की मूळ प्रश्नही हातचा निसटतो. इथे प्रश्न एक नव्हता, दोन होते. मशीद बांधायचा हक्क आहे का, हा पहिला. ती तिथेच बांधावी का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कायद्यात सापडतं. दुसऱ्यावर सज्जन माणसांचंही एकमत होत नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. त्या उन्हाळ्यात दोन्ही प्रश्नांची सरमिसळ झाली आणि ती अजून निस्तरलेली नाही.

गैरसमज : मशीद ग्राउंड झीरोवरच उभी राहणार होती.

जागा होती 45 ते 51 पार्क प्लेस. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आवारापासून, म्हणजे ग्राउंड झीरोपासून, दोन चौक दूर, आणि तिथून दिसणारही नाही अशी. 1850 च्या दशकातल्या त्या इमारतीत बर्लिंग्टन कंपनीचं कोटांचं दुकान होतं. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यात एका विमानाचं चाकांचं धूड तिच्या छपरातून आत घुसलं आणि दुकान कायमचं बंद पडलं. त्यामुळे त्या दिवसाशी या जागेचा काहीच संबंध नव्हता, असं म्हणणंही खरं नाही. विरोधकांच्या मनातली कळ याच चाकांपाशी होती, हे समजून घ्यायला हवं.

2009 मध्ये शरीफ अल-गमाल या बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीनं ती इमारत सुमारे 48 लाख डॉलरना विकत घेतली. बेत होता तेरा मजली केंद्राचा : पाचशे आसनांचं सभागृह, पोहण्याचा तलाव, बास्केटबॉलचं मैदान, पाळणाघर, 9/11 मधल्या मृतांचं स्मारक, आणि त्यातच नमाजाची जागा. नमुना म्हणून मॅनहॅटनमधल्या ज्यू समाजाच्या सामुदायिक केंद्राचं नाव घेतलं जात होतं. म्हणजे निव्वळ मशीद नव्हती, पण मशीद अजिबात नव्हती असंही नाही. हजार-दोन हजार माणसांच्या नमाजाची सोय त्यात धरलेली होती. समर्थकांनी ‘मशीद नाहीच मुळी’ असं ठासून सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःचीच बाजू कमकुवत केली, असं मला वाटतं. मशीद असती तरी हक्क तोच होता.

गैरसमज : मुसलमान त्या भागात नव्यानं येत होते.

जवळच्या वॉरन स्ट्रीट परिसरात ‘मस्जिद मॅनहॅटन’ ही मशीद 1970 पासून होती. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे पूर्ण व्हायच्या आधीपासून. दक्षिण मनोऱ्याच्या सतराव्या मजल्यावर नमाजाची एक खोली होती, तिथे त्या इमारतीत काम करणारे लोक दुपारी जात. या प्रकल्पाचे इमाम फैसल अब्दुल रौफ 1983 पासून जवळच्याच ट्रायबेका भागातल्या मशिदीत प्रवचन करत होते.

आणि 9/11 च्या मृतांच्या यादीतही मुसलमान होते. मोहम्मद सलमान हमदानी हा तेवीस वर्षांचा तरुण कराचीत जन्मला आणि न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढला. तो पोलीस दलाचा कॅडेट होता, आणीबाणीत प्रथमोपचार करण्याचं शिक्षणही त्यानं घेतलं होतं. त्या सकाळी तो आपल्या कामाची वाट सोडून लोकांना वाचवायला मनोऱ्यांकडे गेला. तो सापडेना, तेव्हा त्याच्यावर हल्लेखोरांचा साथीदार असल्याचा संशय घेतला गेला. 2002 च्या मार्चमध्ये त्याचे अवशेष ढिगाऱ्यातून मिळाले. त्याच्या आईवडिलांनी ते महिने कसे काढले असतील, याचा विचार ‘मृतांच्या नातेवाइकांच्या भावना’ हे शब्द वापरणाऱ्या प्रत्येकानं एकदा करावा.

गैरसमज : मृतांचे सगळे नातेवाईक विरोधात होते.

पुष्कळ होते. त्यांचं दुःख खोटं नव्हतं आणि त्या सगळ्यांना द्वेष्टे ठरवणं अन्यायाचं होतं. पण ‘पीसफुल टुमॉरोज’ या मृतांच्या नातेवाइकांच्याच संघटनेनं प्रकल्पाला पाठिंबा दिला. टेड ओल्सन यांचं उदाहरण तर विसरता येत नाही. ते बुश सरकारचे सॉलिसिटर जनरल होते. त्यांची पत्नी बार्बरा पेंटॅगॉनवर आदळलेल्या विमानात होती. ऑगस्ट 2010 मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की कायद्याप्रमाणे प्रार्थनास्थळ बांधण्याचा हक्क या लोकांना आहे.

गैरसमज : डेमोक्रॅट बाजूनं, रिपब्लिकन विरोधात, असा सरळ पक्षीय सामना होता.

सेरा पेलिन आणि न्यूट गिंग्रिच हे रिपब्लिकन नेते विरोधात पुढे होते, हे खरं. पण सिनेटमधले डेमोक्रॅट पक्षाचे नेते हॅरी रीड यांनीही मशीद दुसरीकडे बांधावी असं म्हटलं, आणि युटाचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच यांनी बांधण्याच्या हक्काची बाजू घेतली. ज्यूंवरच्या बदनामीविरुद्ध लढणाऱ्या ‘अँटी-डिफेमेशन लीग’नं जागा बदलावी असं म्हटलं. त्याच शहराचे ज्यू महापौर मायकेल ब्लूमबर्ग मात्र 3 ऑगस्टला गव्हर्नर्स आयलंडवर, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या साक्षीनं, प्रकल्पाच्या बाजूनं ठामपणे बोलले. त्याच दिवशी शहराच्या स्मारक आयोगानं जुन्या इमारतीला वारशाचा दर्जा नाकारला, 9 विरुद्ध 0 मतांनी. त्याआधी मे महिन्यात स्थानिक कम्युनिटी बोर्डानं 29 विरुद्ध 1 अशा मतांनी पाठिंबा दिला होता, दहाजण तटस्थ होते.

राष्ट्राध्यक्ष ओबामा 13 ऑगस्टच्या इफ्तारच्या जेवणात मुसलमानांच्या हक्काबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडात त्यांनी खुलासा केला की आपण हक्काबद्दल बोललो, तिथे बांधणं शहाणपणाचं आहे की नाही यावर नाही. ओबामांनी माघार घेतली, अशी टीका झाली. मला तो खुलासा नेमका वाटतो, कारण लोकांच्या मनातही हाच भेद होता. क्विनिपियॅक विद्यापीठाच्या ऑगस्ट 2010 च्या पाहणीत न्यू यॉर्क राज्यातल्या 54 टक्के मतदारांनी मुसलमानांना हक्क असल्याचं मान्य केलं, आणि त्याच पाहणीत 71 टक्क्यांनी त्यांनी आपण होऊन दुसरीकडे बांधावं असं सांगितलं. यात विसंगती नाही. मात्र त्याच पाहणीत 53 टक्के लोक असंही म्हणाले की नातेवाइकांचा विरोध असल्यानं बांधायला परवानगीच देऊ नये. इथे मात्र आवडीनिवडीचं रूपांतर बंदीत होतं, आणि अमेरिकेची राज्यघटना नेमकी इथेच आडवी येते.

गैरसमज : बहुसंख्यांना नको असेल तर लोकशाहीत बंदी घालता येते.

1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं संघराज्याच्या सरकारला धर्माचरणावर बंदी घालायला मनाई केली. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच बंधन राज्यांवर आणि पर्यायानं गावोगावच्या पालिकांवरही असल्याचं ठरवलं. तीच दुरुस्ती विरोधकांच्या मोर्च्यांना आणि फलकांनाही संरक्षण देते. ‘मशीद नको’ म्हणणं हा गुन्हा नाही. त्या म्हणण्यावरून नगरपालिकेनं परवाना अडवणं मात्र चालत नाही.

‘सौदी अरेबियात चर्च बांधू देत नाहीत, तोवर इथे मशीद नको’ हा गिंग्रिच यांचा मुद्दा टाळ्या घेणारा होता. पण पार्क प्लेसला जमणारे लोक अमेरिकेचे रहिवासी. सौदी राजाच्या कायद्याचा जाब त्यांना कसा विचारणार?

यापेक्षा टोकाचा युक्तिवाद टेनेसीत झाला. मर्फ्रीसबरो या तेव्हा लाखभर वस्तीच्या गावात 1980 च्या दशकापासून मुसलमान राहत आहेत. जुनी जागा पुरेना म्हणून त्यांनी गावाबाहेर एका बॅप्टिस्ट चर्चशेजारी जमीन घेतली. मे 2010 मध्ये काउंटीच्या नियोजन समितीनं आराखडा मंजूर केला. ऑगस्टमध्ये बांधकामाच्या यंत्रांना आग लावण्यात आली. मग कोर्टात दावा उभा राहिला आणि त्यात इस्लाम हा धर्मच नाही, ती राजकीय विचारसरणी आहे, म्हणून धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण त्याला लागू नाही, असं म्हटलं गेलं. केंद्र सरकारच्या न्याय खात्याला लेखी निवेदन देऊन इस्लाम हा धर्म असल्याचं कोर्टाला सांगावं लागलं. राज्याच्या न्यायाधीशांनी तो युक्तिवाद मानला नाही, पण नियोजन समितीच्या बैठकीची जाहीर सूचना अपुरी होती या कारणावरून 2012 मध्ये मंजुरी रद्द केली. इमारत जवळपास तयार, आणि वापराचा दाखला अडलेला. जुलैत संघराज्याच्या न्यायालयानं हस्तक्षेप केला आणि 10 ऑगस्ट 2012 रोजी, रमजानमधल्या शुक्रवारी, मशीद उघडली.

गैरसमज : मशिदींना कायद्यानं खास सवलत दिली आहे.

सप्टेंबर 2000 मध्ये, म्हणजे 9/11 च्या वर्षभर आधी, ‘रिलिजस लँड यूज अँड इन्स्टिट्यूशनलाइज्ड पर्सन्स ॲक्ट’ हा कायदा झाला. सिनेटमध्ये तो ऑरिन हॅच आणि टेड केनेडी या दोन टोकांच्या नेत्यांनी मिळून मांडला आणि दोन्ही सभागृहांत तो विरोधाविना संमत झाला. जमिनीच्या वापराचे नियम लावताना कोणत्याही धर्माच्या प्रार्थनास्थळावर अवाजवी बोजा टाकायचा नाही आणि एकाला एक, दुसऱ्याला दुसरा नियम लावायचा नाही, हे त्याचं सार. याच कायद्याच्या आधारे कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीच्या शिखांनी गुरुद्वाराचा खटला 2006 मध्ये जिंकला. आधी त्यांनी वस्तीतली जागा मागितली, तर शेजाऱ्यांनी गोंगाट आणि वाहतुकीची तक्रार केली. मग वस्तीबाहेर शेतजमीन घेतली, तर ती वस्तीपासून फार दूर म्हणून नकार मिळाला.

वाहतूक, सांडपाणी, पार्किंग ही कारणं खरीही असू शकतात, शुक्रवारी दुपारी गल्ली अडते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कारण खरं की बहाणा, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे : शेजारच्या चर्चला हाच नियम लावला होता का? न्यू जर्सीतल्या बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये ही कसोटी लावली गेली. तिथल्या मशिदीच्या अर्जदारांचे प्रमुख मोहम्मद अली चौधरी हे त्याच गावाचे माजी महापौर. मशीद दीडशे माणसांसाठी. गावाच्या नियमाप्रमाणे प्रार्थनास्थळाला तीन माणसांमागे एका गाडीची जागा लागायची, म्हणजे 50. मशिदीकडून मागितल्या 107. एवढ्या जागा धरल्या की पाणी निचऱ्याचा आराखडा बदलतो, आणि तो बदलला की नव्या हरकती निघतात. सुमारे चार वर्षांत 39 जाहीर सुनावण्या झाल्या आणि डिसेंबर 2015 मध्ये अर्ज फेटाळला गेला. वर्षभरानं न्यायालयानं पार्किंगच्या मुद्द्यावर मशिदीच्या बाजूनं निकाल दिला, कारण चर्च आणि सिनेगॉगना तीनाला एक हाच हिशोब लावला होता. 2017 मध्ये टाउनशिपनं साडेबत्तीस लाख डॉलर देऊन तडजोड केली.

ही एकाच गावाची गोष्ट नव्हे. न्याय खात्यानं या कायद्याखाली केलेल्या जमीनविषयक चौकशांपैकी 2000 ते 2010 या काळात 15 टक्के मशिदी किंवा इस्लामी शाळांसंबंधी होत्या, पुढच्या सहा वर्षांत हे प्रमाण 38 टक्क्यांवर गेलं. देशात मुसलमान आहेत टक्काभर.

गैरसमज : असा विरोध अमेरिकेत फक्त मुसलमानांच्याच वाट्याला आला.

पार्क प्लेसच्या शेजारच्याच बार्कले स्ट्रीटवर सेंट पीटर्स हे न्यू यॉर्कमधलं सर्वात जुनं कॅथलिक चर्च आहे. 1806 च्या नाताळच्या आदल्या रात्री त्याला जमावानं घेरलं आणि दंगलीत माणूस मेला. 1844 मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिक चर्च जाळली गेली. त्याच्याही आधी, न्यू यॉर्कमधल्या डच राजवटीत, क्वेकर पंथीयांना सभा भरवायला बंदी होती. 1657 मध्ये फ्लशिंगच्या तीस रहिवाशांनी, ज्यात एकही क्वेकर नव्हता, या बंदीविरुद्ध अर्ज केला. त्यात ज्यू आणि तुर्क, म्हणजे मुसलमान, यांचाही उल्लेख आहे. पुढे जॉन बाऊन या रहिवाशानं क्वेकरांना आपल्या घरात जमू दिलं, त्यासाठी त्याला हद्दपार केलं गेलं, आणि अखेर तो सुटून परतला. त्याचं घर आजही उभं आहे. ज्या बाऊन स्ट्रीटवर ते आहे, त्याच रस्त्यावर 1977 मध्ये गणपतीचं देऊळ झालं. न्यू यॉर्क परिसरातल्या मराठी माणसाला ते सांगायला नको. तिथे नारळ फोडणाऱ्यानं हे जाणावं की या रस्त्यावर हवं ते दैवत पुजण्याची वाट क्वेकरांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी मोकळी केली.

गैरसमज : स्वित्झर्लंडनं मशिदींवर बंदी घातली.

मशिदींवर नाही, नव्या मिनारांवर. 29 नोव्हेंबर 2009 च्या सार्वमतात 57.5 टक्के मतांनी ती घटनेत आली, तेव्हा देशभरात मिनार होते चार. तिथे बहुमतानं थेट घटना बदलता येते, अमेरिकेत तसं गावच्या किंवा राज्याच्या मतदानानं होत नाही. हा फरक मोठा आहे.

गैरसमज : अखेर न्यूयॉर्कची मशीद सरकारनं किंवा कोर्टानं रोखली.

कुणीही रोखली नाही. वारशाच्या निर्णयाविरुद्ध एका माजी अग्निशामकानं केलेला दावा 2011 मध्ये फेटाळला गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जुन्या इमारतीतच एक छोटं केंद्र सुरू झालं, पहिलं प्रदर्शन शहरातल्या मुलांच्या छायाचित्रांचं होतं. पण तेरा मजल्यांसाठी लागणारे दहा कोटी डॉलर उभे राहिले नाहीत, इमाम रौफ आणि जागेचे मालक वेगळे झाले, आणि पुढे मालकांनीच बेत बदलला. आता तिथे 43 मजली निवासी मनोरा आहे. सरकारनं ना बांधणाऱ्यांना अडवलं, ना फलक घेऊन उभ्या राहणाऱ्यांना.