काम संपल्यावर लोक कशासाठी थांबतात?

सर जॉन व्हिटमोर यांनी आपल्या पुस्तकात सांगितलेला एक किस्सा आमच्या कोचिंगच्या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी पडतोच. टेनिस शिकायला आलेल्यांची गर्दी वाढली आणि शिकवणारे कमी पडले. हाताशी होते ते बर्फावरचं स्कीइंग शिकवणारे दोन कोच. त्यांच्या अंगावर टेनिस कोचचा गणवेश चढवला, काखेत रॅकेट दिली आणि सरळ कोर्टावर धाडलं. अट एकच होती, काहीही झालं तरी रॅकेट चालवून दाखवायची नाही.

या दोघांचं काम खऱ्या टेनिस कोचांच्या तोडीस तोड झालं. एकदोन वेळा तर सरस ठरलं! व्हिटमोर यांनी त्याचं कारणही सांगितलं आहे. टेनिस जाणणाऱ्याला समोरच्याच्या फटक्यातली चूक ताबडतोब दिसायची आणि तो ती सांगून मोकळा व्हायचा. स्कीवाल्यांना चूक ओळखताच येत नव्हती. त्यामुळे शिकणाऱ्यालाच विचारण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. उत्तर शोधता शोधता शिकणारा स्वतःच चुकीच्या मुळाशी पोचायचा.

हे व्हिटमोर मुळात मोटार शर्यतीतले. १९५९ मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जिम क्लार्कबरोबर एकाच गाडीत ते उतरले होते. १९६५ मध्ये लोटस कॉर्टिना चालवत त्यांनी युरोपियन अजिंक्यपद मिळवलं आणि पुढच्याच वर्षाअखेर शर्यती सोडल्या. १९९२ मध्ये त्यांचं ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ आलं. ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार अशा चार टप्प्यांची ‘ग्रो’ पद्धत जगभरच्या कंपन्यांत पोचली ती प्रामुख्याने या पुस्तकामुळे.

मी मनुष्यबळ विभागातून या व्यवसायात आले. ‘मॅडम, मलाही कोच व्हायचंय, कोणता कोर्स करू?’ असं विचारणारे मला सतत भेटतात. कोर्सची नावं सांगण्याआधी मी त्यांना आमच्या व्यवसायातल्या थोरामोठ्यांचे किस्से सांगते. कारण यांतलं कुणीही कोच व्हायचं ठरवून घराबाहेर पडलं नव्हतं. ठरलेलं काम करता करता लोक आपल्याकडे भलत्याच गोष्टीसाठी थांबतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं.

खिडकीच्या काचेत दिसलेली रॅकेट

व्हिटमोर ज्यांच्याकडे शिकले ते टिमोथी गॉलवी. हार्वर्डच्या टेनिस संघाचे एके काळचे कप्तान. १९७१ च्या सुमारास शिक्षणक्षेत्रातल्या कामातून काही काळ सुटी घेऊन ते कॅलिफोर्नियात टेनिस शिकवत होते. त्यांच्याकडे एक व्यावसायिक आला. त्याची तक्रार अशी, की फटका मारण्याआधी त्याची रॅकेट फार वर जाते. पाच वेगवेगळ्या शिक्षकांनी त्याला हेच सांगितलं होतं. म्हणजे दोष ठाऊक होता, तो मोडायची इच्छा होती, तरी रॅकेट काही खाली येत नव्हती.

गॉलवींनी त्याला एका मोठ्या काचेसमोर उभं केलं आणि हात फिरवताना प्रतिबिंबाकडे बघायला सांगितलं. तो थक्क झाला. ‘खरंच की, माझी रॅकेट फार वर जाते!’ पाच जणांकडून ऐकलेली गोष्ट त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती. पुढच्या काही मिनिटांत तो सहज, खालून वर जाणारे फटके मारू लागला. तो आभार मानू लागला तेव्हा गॉलवींनी त्याला विचारलं, ‘मी नेमकं काय शिकवलं?’ तो बराच वेळ आठवत राहिला. त्याला काही सांगता येईना, कारण सूचना अशी एकही मिळाली नव्हती.

१९७४ मध्ये गॉलवींचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ प्रसिद्ध झालं. प्रत्येक खेळाडूच्या आत दोघं असतात, एक सतत हुकूम सोडणारा आणि दुसरा प्रत्यक्ष खेळणारा, आणि हुकूम सोडणारा जरा गप्प बसला की खेळणारा आपोआप सुधारतो, हे त्या पुस्तकाचं सार. टेनिसवर लिहिलेलं हे पुस्तक वाचून कंपन्यांचे अधिकारी गॉलवींकडे येऊ लागले. त्यांना फटका सुधारायचा नव्हता. त्यांना आपल्या माणसांशी बोलायचं कसं, हे समजून घ्यायचं होतं.

पैशांच्या पुढचं बोलणं

थॉमस लिओनार्ड हे अमेरिकेतले आर्थिक नियोजक. गुंतवणूक, कर, निवृत्तीची तरतूद हे त्यांचं काम. त्यांच्याकडे येणारी माणसं चांगली कमावती होती. पैशांचं बोलणं आटोपलं तरी ती उठत नसत. एवढा पैसा आहे, आता आयुष्याचं काय करू, हा त्यांचा खरा प्रश्न असे. ती आजारी नव्हती, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं कारण नव्हतं. मित्रांपाशी बोलावं तर मित्र सल्ले देत. निवांत ऐकून नेमके प्रश्न विचारणारं कुणीतरी त्यांना हवं होतं.

दुसऱ्या एखाद्याने घड्याळाकडे पाहून त्यांना वाटेला लावलं असतं. लिओनार्ड यांना त्यातच आपलं काम सापडलं. १९९२ मध्ये त्यांनी ‘कोच यू’ ही प्रशिक्षणसंस्था काढली आणि चक्क टेलिफोनवरून वर्ग चालवले. १९९५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ, स्थापन झालं. आज आमच्या व्यवसायात सर्वाधिक मानली जाणारी प्रमाणपत्रं याच संस्थेची. २००३ मध्ये अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी लिओनार्ड गेले.

त्याच सुमारास, १९९२ मध्येच, कोचिंग शिकवणारी आणखी एक मोठी संस्था कॅलिफोर्नियात उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी लॉरा व्हिटवर्थ हिशेबनीस होत्या आणि हेन्री किम्सी-हाउस अभिनेते.

जे फुटबॉलमध्ये चाललं नाही

बिल कॅम्पबेल यांची गोष्ट मी नोकरीत खचलेल्या माणसांना आवर्जून सांगते. १९७४ ते १९७९ ही सहा वर्षं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचे मुख्य कोच होते. या काळात संघाने सामने जिंकले बारा आणि हरले एकेचाळीस. आपल्यात कठोरपणा कमी पडला, खेळाडूंबद्दलची माया आड आली, असं त्यांचं स्वतःचं निदान होतं.

चाळिशीच्या उंबरठ्यावर ते जाहिरातक्षेत्रात गेले, नंतर अॅपलमध्ये, पुढे इन्ट्यूइटचे मुख्याधिकारी झाले. २००१ मध्ये एरिक श्मिट गूगलचे प्रमुख झाले, तेव्हा संचालक जॉन डोअर यांनी त्यांना कोच घ्यायला सुचवलं आणि नाव दिलं कॅम्पबेल यांचं. श्मिट यांना ते आधी रुचलं नाही. मुरलेल्या मुख्याधिकाऱ्याला कोच कशाला, माझं काही चुकतंय का, असा त्यांचा सूर होता. पुढे मात्र आपल्याला मिळालेला सर्वांत चांगला सल्ला तोच, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. स्टीव्ह जॉब्स आणि कॅम्पबेल रविवारी पालो आल्टोच्या रस्त्यांवरून बोलत फिरायचे. २०१६ मध्ये कॅम्पबेल गेले आणि तीन वर्षांनी श्मिट यांनी दोन सहकाऱ्यांसह त्यांच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं.

मैदानावर जी माया उणी बाजू ठरली, तीच सिलिकॉन व्हॅलीत त्यांचं भांडवल झाली. माणूस तोच होता, जागा बदलली होती. नोकरीत वर्षानुवर्षं तुमच्या ज्या स्वभावावर बोट ठेवलं गेलं, तो स्वभाव कुठे कामी येईल, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला एकदा तरी विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

झाडाआडून पाहणारे आचरेकर सर

खेळाडू म्हणून जे मिळालं नाही ते शिकवण्यातून मिळालं, हे आपल्याकडे शिवाजी पार्कवरही घडलं. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना एकच आहे. स्टेट बँकेच्या संघातून ते हैदराबादविरुद्ध तो खेळले. पोटापाण्याला बँकेची नोकरी होती आणि जीव मैदानावर. १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यांनी घडवलेल्या मुलांमुळे.

अजित तेंडुलकर धाकट्या भावाला घेऊन आले तो प्रसंग सचिनने अनेकदा सांगितला आहे. अकरा वर्षांचा सचिन सरांच्या नजरेसमोर बिचकला आणि त्याला नीट खेळता आलं नाही. आणखी एक संधी द्या, पण या वेळी लांबून बघा, अशी अजितने विनंती केली. सर बाजूला होऊन झाडाआड उभे राहिले आणि पोरगं मोकळेपणाने खेळू लागलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

आचरेकर सर शिस्तीचे कडक. विचारत बसण्यापेक्षा सांगून करून घेणारे, प्रसंगी कान पिळणारे. आमची रीत वेगळी आहे. पण मोठेपणा आणि अधिकार बाजूला ठेवून त्या दिवशी ते झाडाआड गेले, यातच कोचपणाचा गाभा आहे. समोरच्यातलं चांगलं बाहेर यायला आपली सावली आड येत असेल, तर आपणच बाजूला व्हायचं. कॅलिफोर्नियात गॉलवींनी काच पुढे केली तीही याच जाणिवेतून.

बंद दाराआड

आता आजच्या आतल्या गोष्टी. भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतो. म्हणूनच प्रमाणपत्राला महत्त्व आलं. आयसीएफच्या पहिल्या पायरीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं. दुसरीला १२५ आणि ५००. सर्वांत वरच्या पायरीला २०० आणि २,५००. पहिल्या शंभरांपैकी ७५ तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात.

या आकड्यांपेक्षा अवघड भाग असतो ध्वनिमुद्रणाचा. समोरच्याच्या परवानगीने एक आख्खं सत्र मुद्रित करायचं, ते शब्दन् शब्द लिहून काढायचं आणि मेंटॉर कोचपुढे ठेवायचं. मेंटॉर पेन्सिल घेऊन बसतो. समोरचा बोलत असताना कोच मध्ये पडला, तिथे खूण. एका दमात दोन प्रश्न विचारले, तिथे खूण. ‘तुम्हाला असं नाही का वाटत की...’ अशी सुरुवात झाली की ठळक खूण, कारण तो प्रश्नाच्या वेषातला सल्ला असतो. आणि जिथे समोरचा गप्प झाला आणि कोचनेही ती शांतता मोडली नाही, तिथे मेंटॉर पेन्सिल खाली ठेवून म्हणतो, ‘हं, इथे काम झालं.’

दुसरी कसोटी कंपनीच्या कामात लागते. पैसे कंपनी देते, बोलणं मात्र त्या माणसाचं असतं. वरिष्ठांचा फोन येतोच, ‘मॅडम, काय म्हणतोय आमचा माणूस? राहतोय ना?’ उत्तर एकच, ‘सर, ते तुम्ही त्यांनाच विचारा.’ उद्दिष्टं सुरुवातीला तिघांनी मिळून ठरवलेली असतात. त्यापलीकडचं काही दाराबाहेर जात नाही. हे पाळल्यामुळे हातचं काम गेलं तरी चालेल, एवढी तयारी असावी लागते.

चाकणचा एक माणूस

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रसंग सांगते. चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळणारा माणूस. पन्नाशीला आलेला. नोकरी सोडून गावाकडे हॉटेल टाकायचं, हे त्याचं जवळपास ठरलेलं होतं. त्याला फक्त माझा दुजोरा हवा होता.

मी विचारलं, ‘अलीकडे कोणत्या दिवशी घरी जायला उशीर झाला आणि तरी त्याचं काही वाटलं नाही?’

तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग सांगू लागला. आयटीआयची नवी पोरं आली होती. मायक्रोमीटर किती घट्ट धरायचा ते त्यांना कळत नव्हतं. पाळी संपल्यावर ती याच्याभोवती जमली. एकेकाच्या हातावर हात ठेवून त्याने तो फिरवायला शिकवला. ‘जोर लावला की माप खोटं येतं, हे त्यांच्या बोटांना कळलं पाहिजे ना, मॅडम!’ असं म्हणताना त्याची बोटं हवेतच फिरत होती. हॉटेलबद्दल बोलताना ती मांडीवर पडून होती. मी त्याला तेवढंच सांगितलं.

हॉटेल काढायचं की नाही, यावर माझ्याकडून एक शब्दही गेला नाही. पुढे त्याने आपणहून कारखान्यातल्या शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी मागून घेतली. तो अजून तिथेच आहे.

विचारणाऱ्यांना माझं सांगणं

अर्थपूर्ण काम शोधायला निघालेल्यांना मी एक साधी वही घालायला सांगते. ठरलेलं काम संपल्यावर लोक तुमच्याकडे कशासाठी थांबतात, ते महिनाभर लिहून ठेवा. पगारपत्रकात या गोष्टीची नोंद नसते, म्हणून आपलं तिच्याकडे लक्ष जात नाही.

मग ती वही नीट वाचा. लोक तुमच्याकडे उत्तरं मागायला येत असतील, तर तुम्ही चांगले शिक्षक किंवा सल्लागार व्हाल. ते काम मोठंच आहे, त्यासाठी कोचची पाटी लावायची गरज नाही. लोक तुमच्यापाशी बसून स्वतःशीच बोलू लागत असतील आणि जाताना त्यांचं त्यांना काही सापडत असेल, तर आमच्या व्यवसायात तुमचं स्वागत आहे. नोकरी लगेच सोडू नका. शिक्षण घ्या, अनुभवी मेंटॉर गाठा आणि माफक शुल्क घेऊन पहिले शंभर तास पुरे करा. हे तास भरत असताना दुसऱ्याला वाट सापडल्याचा आनंद तुम्हाला स्वतःच्या हुशारीपेक्षा जास्त वाटू लागला, तर हे काम तुमचं आहे असं खुशाल समजा.