चिनी वैद्यकातील ऋतुचर्या

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे मराठी माणसाला कुणी निराळे शिकवावे लागत नाही. हाच दृष्टान्त चीनच्या एका प्राचीन वैद्यकग्रंथातही आढळतो. 'ह्वांगदी नेइजिंग', म्हणजे पीत सम्राटाच्या नावावर असलेला हा ग्रंथ, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झाला. रोग बळावल्यावर औषधासाठी धावणे हे त्याच्या मते उशिराचे शहाणपण होय. खरा वैद्य रोगाच्या आधी पोहोचतो. आणि त्याचा पहिला उपाय औषध नसून ऋतूनुसार बदललेला दिनक्रम हा असतो.

चिनी वैद्यक मुख्यतः चार ऋतू मानते. वसंतात सृष्टी अंकुरते, उन्हाळ्यात वाढते, शरदात परिपक्व होते आणि हिवाळ्यात साठवण करते. माणसानेही याच क्रमाने वागावे, अशी शिकवण आहे. वसंतात रात्री थोडे उशिरा निजावे, पहाटे उठावे आणि केस मोकळे सोडून अंगणात सावकाश फिरावे. उन्हाळ्यात उन्हाचा कंटाळा करू नये व मनात राग साठवू नये. शरदात लवकर निजून कोंबड्याबरोबर उठावे. हिवाळ्यात मात्र लवकर निजावे आणि ऊन वर येईपर्यंत अंथरूण सोडू नये. घाम गाळून अंगातील ऊब दवडू नये. झोप, चालणे आणि मनःस्थिती यांचा असा एकत्र विचार करणे, हे या शास्त्राचे वैशिष्ट्य होय.

स्वयंपाकघरही याच वळणाने चालते. उन्हाळ्यात हिरव्या मुगाचे पातळ कढण पितात. शरदातील कोरड्या हवेने घसा सुकतो, म्हणून नासपती खडीसाखरेबरोबर शिजवून खातात. हिवाळ्यात आले व 'दांगग्वेइ' हे मूळ घालून मेंढीच्या मांसाचा रस्सा करतात. ही कृती सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या जांग जोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथात दिलेली आहे. जुलै-ऑगस्टमधील कडक उन्हाच्या दिवसांत पाठीवर औषधी लेपाच्या पट्ट्या लावण्याचीही चाल आहे. हिवाळ्यातील खोकला व दमा यांचा बंदोबस्त उन्हाळ्यातच करावा, हा त्यामागील विचार.

हे वाचताना चरकसंहितेतील ऋतुचर्या आठवल्याखेरीज राहत नाही. थंडीत स्निग्ध, पौष्टिक अन्न घ्यावे, याविषयी दोन्ही शास्त्रांचे एकमत आहे. परंतु चिनी ग्रंथ उन्हाचा कंटाळा करू नका म्हणतो, तर चरक ग्रीष्मात व्यायाम टाळून थंड जागी दुपारची झोप घ्यायला सांगतो. हा मतभेद जितका शास्त्रांचा, तितकाच हवामानाचा आहे. दीर्घ, कडक हिवाळा सोसलेल्या उत्तर चीनमध्ये ऊन हवेसे वाटते. भारतात ते शक्ती शोषून घेते. शिवाय चरकाच्या सहा ऋतूंत पावसाळ्याला स्वतंत्र स्थान आहे. तेव्हा बीजिंगची दिनचर्या नागपुरात किंवा रत्नागिरीत जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. घ्यायचे ते तत्त्व.

आणखी एक विवेक राखला पाहिजे. मुगाचे कढण निराळे आणि औषधी मुळ्यांचा काढा निराळा. बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींची औषधे घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले; दोष अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील वनस्पतीचा होता. त्याच कुळातील 'ग्वान मुतोंग' या औषधावर चीनने २००३ मध्ये बंदी घातली. वनस्पती आहे म्हणून ती निरुपद्रवी, हा समज जिवावर बेतू शकतो. 'ची' नावाच्या प्राणशक्तीच्या कल्पनेलाही आधुनिक शरीरशास्त्राचा आधार मिळालेला नाही.

तरीही ऋतूप्रमाणे निजणे-उठणे, ताजे अन्न खाणे, सकाळी चालणे आणि राग आवरणे यांसाठी कोणत्याही पुडीची गरज लागत नाही. चिनी ऋतुचर्येचा टिकाऊ भाग तो हाच. विजेच्या दिव्यांनी रात्र लांबवली आणि बाजाराने सर्व फळे बारमाही केली, तरी शरीराला ऋतू कळतातच. ते मनालाही कळावेत, एवढीच या जुन्या शास्त्राची अपेक्षा आहे.