ठेचाळणारे शिष्य

ख्रिस्ती धर्मात शिष्यत्व म्हणजे येशूच्या मागे चालणे. ही वाट कोणी न अडखळता चालला, असे शुभवर्तमाने कुठेच सांगत नाहीत. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत येशूने निवडलेल्या बारा जणांचे उणेपण उघडपणे लिहिलेले आहे. आपल्यात मोठा कोण, यावरून ते भांडतात. वादळात त्यांची गाळण उडते, दाखल्यांचा अर्थ त्यांना पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. गेथशेमानेच्या बागेत गुरू व्याकूळ होऊन प्रार्थना करत असताना निवडक तिघांना तासभरही जागता येत नाही. अटकेची वेळ आल्यावर यहूदा सोडून बाकीचे अकराही पांगतात. पहिल्या अनुयायांचे इतके बेडौल चित्र धर्मग्रंथातच जपलेले असावे, ही साधी गोष्ट नाही. ज्यांच्या शब्दावर मंडळी उभी राहिली, त्यांचीच फजिती मंडळीने पिढ्यान्‌पिढ्या वाचून दाखवली.

या बारांतला पेत्र सर्वांत उतावळा. गालीलचा कोळी, बोलायला पहिला आणि शपथा घ्यायलाही पहिला. बाकीचे सोडून गेले तरी आपण सोडणार नाही, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. त्याच रात्री मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात शेकोटीजवळ बसला असता एका दासीने त्याला ओळखले. त्याच्या बोलण्याचा गालीली हेलही त्याला उघडे पाडत होता. त्याने तीनदा ओळख नाकारली, कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन रडला. इथे पेत्रासमोर ना रोमी सैनिकाची तलवार होती ना न्यायासन. होता तो एका मोलकरणीचा प्रश्न आणि चारचौघांच्या नजरा. माणूस मोठ्या संकटात कधीकधी निभावून नेतो आणि अशा किरकोळ जागी हरतो, हे या प्रसंगाइतके नेमके क्वचितच कुठे सांगितले गेले असेल.

त्याच रात्री यहूदा इस्कार्योतानेही दगा दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्यालाही पस्तावा झाला आणि त्याने चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली. अपराध दोघांचाही आणि दुःखही दोघांना. पण यहूदाने एकट्यानेच आपला निवाडा करून जीव दिला, तर पेत्र त्याच लाजेसकट उरलेल्या शिष्यांत राहिला. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू तिबिर्याच्या सरोवराकाठी त्याला भेटतो. तिथेही कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. येशू झाल्या गोष्टीचा जाब विचारत नाही, माझ्यावर प्रेम आहे का, एवढेच तीनदा विचारतो. प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे सांभाळण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. ख्रिस्ती विचारात निष्ठेचा अर्थ इथून ठरतो. न पडणे ही तिची कसोटी नव्हे, पडल्यावर कोणाकडे परतायचे हे न विसरणे ही आहे.

मात्र या भेटीनंतर पेत्र कायमचा सुधारला, असे मानणे चूक ठरेल. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात अंत्युखियातला एक प्रसंग आहे. तिथे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर पेत्र एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तसा तो त्यांच्या भीतीने पंगतीतून मागे सरू लागला. पौलाने सर्वांसमोर त्याची कानउघाडणी केली. मराठी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. कोणाच्या हातचे खावे आणि लोक काय म्हणतील, हे दोन प्रश्न आपल्याकडेही माणसाचा धीर पाहत आले आहेत. पौल तरी स्वतःला कुठे निर्दोष म्हणवत होता? करिंथकरांना लिहिताना तो शरीरातल्या एका काट्याबद्दल बोलतो. तो काढून घे, अशी तीनदा विनवणी करूनही काटा गेला नाही, आणि त्या दुबळेपणातच देवाची शक्ती पुरी पडते एवढे उत्तर मिळाले. काटा म्हणजे नेमके काय, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

वैयक्तिक पश्चात्तापाचा प्रश्न लवकरच संपूर्ण मंडळीचा झाला. इ.स. २५०च्या सुमारास रोमी सम्राट डेशियसने साम्राज्यातल्या लोकांनी देवतांना यज्ञ करून तसा दाखला घ्यावा, असे फर्मान काढले. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीने यज्ञ केला, काहींनी लाच देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे मंडळीच्या दाराशी परत आले. त्यांना आत घ्यावे की नाही? रोममध्ये नोव्हेशियनने ठाम नकार दिला आणि वेगळी चूल मांडली. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, त्यामुळे त्याचे स्थान नाजूक होते. २५१ मध्ये कार्थेजला भरलेल्या धर्मसभेने मधला मार्ग काढला. नुसता दाखला घेणाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यावे, प्रत्यक्ष यज्ञ करणाऱ्यांनी मात्र दीर्घ प्रायश्चित्त करावे. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच ही अटही सैल झाली. सिप्रियनने २५८ मध्ये शिरच्छेद पत्करला. आठ वर्षांपूर्वी लपणारा आणि आता मरणाला सामोरा जाणारा माणूस एकच होता.

सम्राट डायोक्लेशनने ३०३ मध्ये सुरू केलेल्या छळानंतर हाच वाद पुन्हा पेटला. ज्या धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती दिले, त्यांनी दिलेले बाप्तिस्मे आणि दीक्षा खऱ्या मानायच्या का? उत्तर आफ्रिकेतला डोनाटिस्ट पंथ त्या मानायला तयार नव्हता. ३१४ मधल्या आर्लच्या धर्मसभेने आणि पुढे हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने उलट मत मांडले. संस्कार ख्रिस्ताचा असतो, तो देणाऱ्याच्या चारित्र्यावर टिकून नसतो. सामान्य भाविकासाठी हा मोठा दिलासा होता. पण याच विचाराच्या आडोशाला पुढे अनेक ठिकाणी धर्माधिकाऱ्यांचे अपराधही झाकले गेले, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. दुबळेपणाला क्षमा असणे वेगळे आणि गुन्ह्याला संरक्षण मिळणे वेगळे. पेत्राला क्षमा मिळाली, पण त्याची चूक कोणी लपवली नाही.

शिष्यत्वाचा हाच प्रश्न आपल्याकडच्या मंडळ्यांपुढेही येतो. खान्देशात ख्रिस्ती समाज संख्येने लहान आणि विखुरलेला आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तो नोकरीच्या निमित्ताने आला. जळगाव परिसरात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम केले. पश्चिम खान्देशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात, विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन वंशाच्या मिशनऱ्यांनी भिल्ल आणि मावची वस्त्यांमध्ये मंडळ्या उभ्या केल्या. नवापूर तालुक्यातले चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय त्याच परंपरेतून आलेल्या सेवेची आजची खूण आहे.

अशा ग्रामीण मंडळ्यांत शिष्यत्वाची परीक्षा धर्मसभांच्या भाषेत होत नाही. मोहाची दारू सोडली, पण लग्नाच्या मांडवात भाऊबंदांनी पेला पुढे केला तर काय करायचे? मूल तापाने फणफणले आणि घरातली म्हातारी भगताकडे चल म्हणाली, तर? होळीला सारा पाडा नाचत असताना घरात बसायचे की बाहेर पडायचे? काही कुटुंबे वर्षातले कित्येक महिने ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात, त्या काळात रविवारची उपासना सुटते. प्रोटेस्टंट मंडळ्यांची जुनी रीत अशी, की उघड चूक करणाऱ्याला काही काळ प्रभुभोजनातून दूर ठेवायचे आणि पश्चात्तापाची कबुली दिल्यावर परत घ्यायचे. कार्थेजच्या सभेचा तोडगा तो हाच. ही शिस्त चालवताना पाळकाला तारतम्य लागते. पेल्याच्या प्रश्नावर कठोर होणारी मंडळी जातीच्या प्रश्नावर गप्प बसत असेल, तर अंत्युखियातला पेत्र तिच्यात अजून आहे असे म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातल्या शिकलेल्या धर्मांतरितांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ (१८८४) या आत्मचरित्रात बाप्तिस्म्याआधीची आपली चलबिचल लिहून ठेवली आहे. मन वळले होते, पण घरच्यांच्या धसक्याने पाऊल अडत होते. अखेर १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या प्रश्नाचे सर्वांत विस्तृत आणि सर्वांत प्रांजळ चित्र मात्र नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसारात सापडते.

टिळक स्वभावाने पेत्राच्या जवळचे. शीघ्रकोपी, शीघ्रकवी, हातातले पैसे दुसऱ्याच्या गरजेवर किंवा स्वतःच्या लहरीवर उधळून मोकळे होणारे. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि शोध सुरू झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला विश्वासात न घेता. ख्रिस्ताशी एकनिष्ठ राहण्याचे हे पहिले पाऊल पत्नीच्या बाबतीत सरळसरळ अन्यायाचे होते. पुढची काही वर्षे पती-पत्नी वेगळी राहिली. नातलगांच्या आधाराने दिवस काढताना लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेला अपमान आणि मनस्ताप त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये कुठेही गुळमट न करता लिहिला आहे. विशेष म्हणजे त्या नवऱ्याचा उतावळेपणा लपवत नाहीत आणि त्याच्यावरचे प्रेमही लपवत नाहीत. संतचरित्रांची सवय असलेल्या वाचकाला टिळकांची ही प्रतिमा आजही चकित करते.

लक्ष्मीबाईंची स्वतःची वाटचाल तर आणखी बोलकी आहे. नवऱ्याकडे अहमदनगरला आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. सोवळे एका दिवसात सुटले नाही. ते थोडे थोडे सैल झाले, माघारही झाली. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, ही जाणीव त्यांना पंडिती वादातून झाली नाही, रोजच्या अनुभवातून झाली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ज्या पंगतीतून पेत्र भीतीने उठला होता, तिथे लक्ष्मीबाई कित्येक वर्षे घेऊन, पण स्वतःच्या पायांनी येऊन बसल्या. सावकाश आलेली ही निष्ठा टिळकांच्या झेपेपेक्षा कमी मोलाची नव्हती. खरे तर जास्तच पक्की होती.

टिळकांच्या ख्रिस्तभक्तीचे वळण अस्सल मराठी होते. आपण तुकारामांवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. वारकरी परंपरेत संत स्वतःला पतित म्हणवतो, आपले दोष विठ्ठलापुढे मांडतो आणि तरीही पायरी सोडत नाही. पेत्राचे अश्रू समजायला मराठी मनाला हा वारसा पुरेसा होता. टिळकांच्या शेकडो भजनांत, ‘अभंगांजली’त हाच सूर आहे, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ती भजने आजही म्हटली जातात.

टिळकांचा खान्देशाशी संबंध कवितेमुळे आला. जळगावात नारायण नरसिंह फडणीस ‘काव्यरत्नावली’ हे फक्त कवितेला वाहिलेले मासिक १८८७ पासून चालवत होते. १९०७ मध्ये जळगावातच पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे ‘बालकवी’ ठरला. पुढे हा मुलगा अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. तो लहरी, हळवा, रुसून बसणारा होता. टिळक दांपत्याने त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले, त्याचे धर्मांतर मात्र केले नाही. शिष्यत्वाचा अर्थ माणसे आपल्या धर्मात ओढणे एवढाच धरणाऱ्यांनी, आणि तसाच आरोप करणाऱ्यांनीही, हे घर नीट पाहावे. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनवर रेल्वेखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला.

त्याच सुमारास टिळकांनी आयुष्यातली शेवटची उडी मारली होती. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सर्वच ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. मिशनच्या चौकटीत न मावणारा हा विचार होता, आणि व्यवहाराच्या बाजूने नेहमीसारखाच कच्चा. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा त्यांचा संकल्पही अर्धवट राहिला होता. याआधी मराठीत असा मोठा प्रयत्न फादर स्टीफन्स यांनी गोमंतकात ‘ख्रिस्तपुराणा’च्या रूपाने केला होता आणि तो १६१६ मध्ये छापला गेला होता. टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’चे दहाएक अध्यायच तयार होते. शाळेचे रीतसर शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि उरलेला बहुतेक ग्रंथ रचला. त्या २४ फेब्रुवारी १९३६ रोजी वारल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.