एका स्फटिकाचं पातं

जेट इंजिनाच्या टर्बाइनवर आदळणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तप्त असतो. पोटातून खेळवलेली हवा आणि अंगावरचा सिरॅमिकचा लेप यांच्या जोरावर पातं वितळत नाही. पण मिनिटाला हजारो फेऱ्यांची ओढ सोसताना ते हळूहळू लांबत जातं आणि शेवटी तडकतं, ते बहुधा दोन स्फटिकांमधल्या सीमेवर. अमेरिकेतल्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीत फ्रँक व्हर्स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात या सीमाच काढून टाकायला घेतल्या.

पात्याचा निकेलचा मिश्रधातू साध्या साच्यात ओतला, की गार भिंतीपाशी एकाच वेळी स्फटिकांची असंख्य बीजं पडतात आणि दाणा, म्हणजे एकेक स्फटिक, बारीक राहतो. आत, जिथे उष्णता सावकाश निघते, तिथे तो मोठा होतो. खडीसाखरेचं गणितही हेच: बीजं थोडी, सवड भरपूर, तर खडा मोठा.

पात्याच्या ओतकामात ही सवड मोजून दिली जाते. मेणाच्या प्रतिकृतीवर सिरॅमिकचं कवच चढवून मेण काढून टाकतात. हा साचा पाण्याने गार राखलेल्या तांब्याच्या तबकडीवर बसवून त्यात रस ओततात आणि मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे भट्टीबाहेर उतरवतात. उष्णता खालून निघते, स्फटिक वर चढतात. ज्यांच्यातल्या अणूंच्या जालकाची कड नेमकी उभी, ते पुढे सरकून इतरांची वाट अडवतात. वर पिळदार, अरुंद नळी असते. तिच्यातून एकच स्फटिक पार होतो आणि अख्खं पातं भरून टाकतो.

पुढची पायरी उलट्या चालीची आहे. पातं वितळणबिंदूच्या जवळ तापवून झपाट्याने गार करतात आणि पुन्हा बेताच्या तापमानाला मुरवतात. तेव्हा घन धातूच्या आतच निकेल-ॲल्युमिनियमचे चौकोनी कण जन्मतात, जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचे. पात्याचा निम्म्याहून अधिक भाग तेच व्यापतात आणि धातूचे थर घसरू देत नाहीत. इथे रेंगाळलं तर कण फुगतात, पातं दुबळं होतं.

अशी पाती 1982 साली जेटी9डी-7आर4 या इंजिनातून प्रवासी विमानांत आली. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी घडवलेली 60 पाती 2021 मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडे गेली. अशा पात्यांच्या कित्येक मिश्रधातूंची घटकसूची पेटंटांत उघड छापलेली आहे. तरीही असं पातं ओतू शकणारे देश मोजकेच, कारण कुठे थांबायचं आणि कुठे घाई करायची, हे भट्टीपाशीच शिकावं लागतं.